धाडलेले आणि बोलावलेले

बडोद्यात मांडवीजवळ बँक रोडवर सेंट्रल लायब्ररीची इमारत आहे. 1931 साली बांधलेल्या या इमारतीत पुस्तकांची कपाटे लोखंडी आहेत आणि मधले मजले जाड काचेचे. आगीची भीती नको आणि वरचा उजेड खालपर्यंत पोचावा, असा त्यामागचा हिशेब. हे साहित्य अमेरिकी कंपनीचे. या ग्रंथालयाची आणि सगळ्या संस्थानभर पसरलेल्या वाचनालयांची घडी बसवली तीही एका अमेरिकी माणसाने. सयाजीराव गायकवाडांनी 1910 साली विल्यम बॉर्डन या ग्रंथपालाला तीन वर्षांसाठी नोकरीवर बोलावले होते.

शहराच्या उत्तरेला, जुन्या कॅम्पच्या बाजूला, फत्तेगंज आहे. तिथे मेथडिस्ट चर्च, मिशनचे हॉस्पिटल आणि मिशनच्या शिक्षणसंस्था उभ्या राहिल्या. ही कामेही अमेरिकेतून आलेल्या शिकल्यासवरल्या माणसांनी सुरू केली. फरक एवढाच, की त्यांना बडोद्याने बोलावले नव्हते. त्यांच्या चर्चने धाडले होते.

कॉलेजची पदवी घेऊन परमुलखात धर्मप्रचारक आणि शिक्षक म्हणून जाणाऱ्या तरुणांचा इतिहास मराठी मुलखाला नवा नाही. पण त्याची चर्चा आपल्याकडे ठरावीक दोन अंगांनी होते. एका बाजूला मुलींच्या शाळा, छापखाने, दवाखाने, व्याकरणे यांची कृतज्ञ यादी. दुसऱ्या बाजूला धर्मांतराचा आरोप. दोन्हीकडे तपासला जातो तो येणाऱ्याचा हेतू. त्यापेक्षा साधे तीन प्रश्न विचारले तर चित्र जास्त स्पष्ट होते. माणूस कोणाच्या सांगण्यावरून आला? त्याचा पगार कोण देत होते? आणि त्याने उभी केलेली संस्था बंद करण्याचा अधिकार कोणाच्या हाती होता?

गवताच्या गंजीखालून मुंबईला

अमेरिकी परदेशी मिशनांची सुरुवात चर्चच्या बैठकीत नव्हे, कॉलेजच्या पोरांत झाली. 1806 च्या ऑगस्टमध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या विल्यम्स कॉलेजचे पाच विद्यार्थी वादळपावसात गवताच्या गंजीच्या आडोशाला थांबले आणि तिथे त्यांनी आशियात जाण्याचा विचार पक्का केला, अशी तिची कथा सांगतात. त्यातून 1810 साली अमेरिकन बोर्ड स्थापन झाले. याच कॉलेजचा पदवीधर गॉर्डन हॉल आणि त्याचा साथी सॅम्युएल नॉट 1813 च्या फेब्रुवारीत मुंबईत उतरले. ईस्ट इंडिया कंपनीला ते नको होते. त्यांना परत धाडण्याचे हुकूमही निघाले, पण अर्जविनंत्या करत ते टिकून राहिले आणि तेवढ्यात लंडनमध्ये कंपनीची सनद बदलून मिशनऱ्यांना वाट मोकळी झाली. हार्वर्डमध्ये शिकलेला सॅम्युएल न्यूएल नंतर त्यांना येऊन मिळाला. न्यूएल 1821 मध्ये आणि हॉल 1826 मध्ये पटकीने गेला.

अमेरिकन मराठी मिशनची ही सुरुवात. प्रवचन ऐकायला कोणी फारसे येत नव्हते. मुलांना अक्षर शिकवायचे म्हटले की पालक येत. म्हणून शाळा निघाल्या. शिक्षण हे मिशनऱ्यांनी आधी ठरवलेले साधन नव्हते. ती इथल्या लोकांची मागणी होती आणि मिशनऱ्यांना तिच्यामागे जावे लागले.

स्कॉटिश मंडळींनी ती मागणी जास्त ओळखली. एडिंबरोचा जॉन विल्सन 1829 मध्ये मुंबईत आला. 1832 साली त्याने काढलेल्या शाळेतून पुढे विल्सन कॉलेज झाले. त्याने मराठी, गुजराती, संस्कृत, झेंद यांत डोके घातले आणि पुढे तो मुंबई विद्यापीठाचा कुलगुरू झाला. नागपुरात 1840 च्या दशकात आलेल्या स्टीफन हिस्लॉपने शाळा चालवता चालवता विदर्भाच्या खडकांचा आणि आदिवासींच्या बोलींचा अभ्यास केला. त्याच्या नावाचे कॉलेज 1883 पासून आहे.

या शाळांची किंमतही इथल्या घरांनी मोजली. 1839 साली विल्सनच्या शाळेतल्या दोन पारशी मुलांनी बाप्तिस्मा घेतला. प्रकरण कोर्टात गेले आणि शाळा ओस पडली. 1843 मध्ये शेषाद्री घराण्यातल्या नारायणाने धर्म बदलला. त्याच्या धाकट्या भावाला, श्रीपतीला, कोर्टाच्या हुकमाने घरी परत आणावे लागले आणि त्याला पुन्हा जातीत घ्यावे की नाही यावरून मुंबई-पुण्याचा ब्राह्मणसमाज दुभंगला. बाळशास्त्री जांभेकर त्याला परत घेण्याच्या बाजूने उभे राहिले. मुलाला इंग्रजी हवे, पण मूल हातचे जायला नको, ही त्या काळच्या पालकांची घालमेल दोन्ही बाजूंच्या लेखनात फार थोडी दिसते.

प्रवचन की पाटी

1854 च्या अखेरीस अमेरिकन बोर्डाचे चिटणीस रूफस अँडरसन बोस्टनहून पाहणीला आले. मिशनने लोकांना इंग्रजी शिकवून सरकारी नोकऱ्यांसाठी तयार करणे हे त्यांच्या मते मिशनचे कामच नव्हते. त्यांनी जोर दिला तो स्थानिक भाषेत प्रवचन, स्थानिक मंडळ्या आणि स्थानिक पाळक यांवर. त्यातून मुंबई-नगरच्या इंग्रजी शाळा बंद झाल्या. इंग्रजी हवी असलेली मुले स्कॉटिश आणि सरकारी शाळांकडे गेली.

अँडरसनच्या म्हणण्यात तथ्य होते. परदेशी माणसाने आपल्यावाचून चालेल अशी व्यवस्था करून निघून जावे, हा त्यांचा विचार आजही मिशनशास्त्रात आदराने घेतला जातो. पण शाळा इथल्या गावात आणि तिच्यावरचा निर्णय बोस्टनमध्ये, हा त्यातला तिढा त्यांनी सोडवला नाही. ज्यांची मुले त्या शाळांत होती त्यांचे मत निर्णायक ठरण्याची सोयच नव्हती.

तिढ्याचा सगळ्यांत मोठा फटका बसला तो रॉयल वाइल्डर यांना. मिडलबरी कॉलेजचा हा पदवीधर 1846 साली नगरला आला आणि 1852 च्या अखेरीस त्याने कोल्हापुरात काम सुरू केले. शाळा हा त्याच्या कामाचा कणा होता. बोर्डाशी त्याचे बिनसले आणि बोर्डाने कोल्हापूरच्या कामाचा पाठिंबा काढून घेतला. गडी हटला नाही. 1861 मध्ये तो स्वतःच्या हिमतीवर परत आला, नऊ वर्षे भांडत-लिहीत राहिला आणि 1870 मध्ये त्याचे काम अमेरिकेतल्या प्रेसबिटेरियन मंडळाने आपल्याकडे घेतले. मालक बदलला म्हणून कोल्हापूरच्या शाळा वाचल्या.

कोल्हापुरात जन्मलेला प्रिन्स्टनचा विद्यार्थी

वाइल्डरांचा मुलगा रॉबर्ट 1863 साली कोल्हापुरात जन्मला आणि प्रिन्स्टनमधून 1886 साली पदवीधर झाला. त्याच उन्हाळ्यात मॅसॅच्युसेट्समधल्या माउंट हर्मन इथे प्रसिद्ध प्रवचनकार ड्वाइट मूडी यांनी कॉलेजविद्यार्थ्यांचे शिबिर घेतले. सुमारे अडीचशे विद्यार्थी जमले. त्यातल्या शंभरांनी परदेशी मिशनरी होण्याची तयारी लेखी दिली. त्यांना त्या वळणावर आणण्यात रॉबर्टचा वाटा मोठा होता. पुढच्या वर्षभर तो आणि जॉन फोर्मन कॉलेजे पालथी घालत फिरले आणि त्यांनी दोन हजारांवर सह्या मिळवल्या. 1888 मध्ये स्टुडंट व्हॉलंटिअर चळवळ रीतसर उभी राहिली. कॉर्नेलचा जॉन मॉट, ज्याला 1946 साली शांततेचे नोबेल मिळाले, तो त्या पहिल्या शंभरांतला. अर्ध्या शतकात या चळवळीतून वीस हजारांहून अधिक तरुण-तरुणी परदेशी गेले.

ज्या चळवळीने अमेरिकी कॉलेजांतली एक पिढी जगभर पाठवली तिच्या उगमाशी एक कोल्हापुरी बालपण आहे, हे मराठी वाचकाला क्वचितच सांगितले जाते. पण या लाटेची भाषा मात्र कोल्हापूरची नव्हती. ‘याच पिढीत जगाला सुवार्ता’ ही तिची घोषणा होती. त्यात घाई होती, नकाशा होता, आकडेवारी होती. ज्यांच्याकडे जायचे ते लोक नव्हते. पहिल्या महायुद्धानंतर अमेरिकेतल्याच विद्यार्थ्यांना हा सूर खटकू लागला. आपल्या देशात वर्णभेद चालू असताना आपण बाहेर कोणाला काय शिकवणार, हा प्रश्न त्यांच्याच सभांत विचारला गेला. चळवळीला ओहोटी लागली ती आधी घरूनच.

बायकांची पदवी

सिंथिया फॅरर 1827 च्या अखेरीस मुंबईत आली. अमेरिकन बोर्डाने परदेशी पाठवलेल्या पहिल्या अविवाहित स्त्रियांपैकी ही एक. तेव्हा अमेरिकेतही स्त्रियांना कॉलेजचे दार उघडलेले नव्हते, म्हणजे तिच्याकडे पदवी असणे शक्यच नव्हते. 1839 पासून मरेपर्यंत तिने नगरला मुलींना शिकवले. जोतीराव फुले यांनी मुलींची शाळा काढण्याची प्रेरणा नगरच्या अमेरिकन मिशनच्या मुलींच्या शाळा पाहून मिळाल्याचे स्वतः सांगितले आहे. ते शिकले होते पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत. 1848 मध्ये त्यांनी आणि सावित्रीबाईंनी पुण्यात शाळा सुरू केली तेव्हा मात्र ती मिशनची शाखा नव्हती. शिक्षक इथले, निर्णय इथला आणि दगडशेणाचा माराही इथल्याच लोकांचा. पाहिलेले उचलायचे आणि आपल्या गरजेप्रमाणे उभे करायचे, याचे इतके स्वच्छ उदाहरण दुसरे नाही.

1837 साली मॅसॅच्युसेट्समध्ये निघालेल्या माउंट होल्योक संस्थेने पुढे मिशनरी शिक्षिकांची रांगच लावली. रॉबर्ट वाइल्डरची बहीण ग्रेस तिथलीच. भावाला या वाटेवर ढकलण्यात तिचा हात होता आणि तीही कोल्हापूर मिशनमध्ये कामाला आली. या स्त्रियांना अमेरिकेत जे अधिकार मिळत नव्हते ते इथे मिळाले: शाळा चालवणे, पैशांचे हिशेब सांभाळणे, दौरे करणे. परदेशसेवेत त्यागाचा भाग होता, तसा स्वतःच्या सुटकेचाही होता.

पंडिता रमाबाईंनी गाडे उलट दिशेने हाकले. त्या स्वतः इंग्लंडला आणि अमेरिकेला गेल्या. बोस्टनमध्ये 1887 साली त्यांच्या मदतीसाठी मंडळ स्थापन झाले आणि 1889 मध्ये मुंबईत शारदा सदन उघडले. धर्माच्या बाबतीत तटस्थ राहायचे या अटीवर पैसा आला होता. सदनातल्या मुली ख्रिस्ती प्रार्थनेकडे ओढल्या जातात असा बोभाटा झाला आणि 1893 मध्ये रानडे-भांडारकरांनी सल्लागार मंडळ सोडले. पुढे केडगावच्या मुक्ती सदनात परदेशी शिक्षिका राबल्या, पण तिथे त्या रमाबाईंच्या हाताखाली होत्या. एकाच बाईच्या आयुष्यात दात्याच्या अटीवर चालणारी संस्था आणि स्वतःच्या हुकमतीतली संस्था, असे दोन्ही अनुभव जमा आहेत.

बडोद्याचा तिसरा मार्ग

बडोद्याची गोष्ट या सगळ्यांत वेगळी ठरते, कारण इथे शाळा काढण्याची ईर्षा दरबारालाच होती. 1881 मध्ये बडोदा कॉलेज निघाले. सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण अमरेली भागात 1893 च्या सुमारास आणि सबंध संस्थानात 1906 पासून लागू झाले. मुंबई किंवा नगरमध्ये मिशनसाठी जी जागा मोकळी होती ती इथे दरबाराने आधीच भरली. मेथडिस्टांचा भर राहिला तो चरोतरातल्या आणि आसपासच्या गावांवर, दलित वस्त्यांवर, 1900 च्या छप्पनिया दुष्काळातल्या अनाथ मुलांवर, दवाखान्यावर आणि आपले पाळक तयार करण्यावर. जिथे सरकारी शाळेचा हात पोचत नव्हता किंवा पोचवला जात नव्हता, तिथेच मिशनला ऐकणारे मिळाले.

ही फट दरबारालाही दिसत होती. 1880 च्या दशकात सयाजीरावांनी अंत्यजांसाठी शाळा काढल्या तेव्हा सवर्ण शिक्षक मिळेनात. मुसलमान शिक्षकांवर भागवावे लागले. 1908 मध्ये पंजाबातून आर्य समाजाचे पंडित आत्माराम यांना बोलावून या शाळा त्यांच्याकडे सोपवल्या. म्हणजे मिशनच्या शाळेला उत्तर म्हणून दरबाराने दुसऱ्या धर्मसमाजाचा प्रचारक-शिक्षक आणला. वेद शिकवणारा शिक्षकही धर्म घेऊनच येत होता, याकडे डोळेझाक करून चालणार नाही.

परदेशी विद्वान मात्र सयाजीरावांनी व्यासपीठासाठी नव्हे, कामासाठी आणले. बॉर्डनने ग्रंथपालांचे प्रशिक्षणवर्ग घेतले. ‘लायब्ररी मिसलेनी’ हे नियतकालिक इंग्रजी, गुजराती आणि मराठी अशा तीन भाषांत निघाले. तो 1913 मध्ये परत गेला आणि काही बिघडले नाही, कारण त्याच्या आधीपासून गावोगाव वाचनालयांसाठी राबणारे मोतीभाई अमीन इथे होते आणि न्यूटन मोहन दत्त यांच्यासारखे देशी अधिकारी काम पुढे नेत होते. केंब्रिजचा आल्बन विजरी 1915 पासून काही वर्षे बडोद्यात तत्त्वज्ञान आणि धर्मांचा तुलनात्मक अभ्यास शिकवत होता. ख्रिस्ती देशातला पदवीधर हिंदू राजाच्या कॉलेजात सगळे धर्म एका पातळीवर ठेवून शिकवतो, ही कल्पनाच त्या काळच्या मिशनांच्या चौकटीत बसणारी नव्हती.

याच दरबाराने आपली माणसे बाहेरही पाठवली. विठ्ठल रामजी शिंदे यांच्या शिक्षणाला सयाजीरावांचा आधार होता. 1901 ते 1903 या काळात ते ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात युनिटेरियनांच्या मदतीने तुलनात्मक धर्म शिकले. परत आल्यावर प्रार्थना समाजाचे प्रचारक म्हणून हिंडताना त्यांना अस्पृश्यतेचे खरे रूप दिसले आणि 1906 मध्ये त्यांनी डिप्रेस्ड क्लासेस मिशन काढले. मिशनऱ्यांची शिस्त, हिशेब, वसतिगृहे, दौरे हे सगळे त्यांनी घेतले. धर्मांतर घेतले नाही.

1913 मध्ये बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर भीमराव आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात गेले. 1917 मध्ये करारानुसार नोकरीसाठी बडोद्यात आले तेव्हा त्यांना राहायला घर मिळेना. पारशी धर्मशाळेतून हाकलल्यावर त्यांनी आधी एका हिंदू आणि मग एका देशी ख्रिस्ती मित्राला विचारले. ख्रिस्ती मित्राने बायकोला विचारून सांगतो म्हणून वेळ मारून नेली. ते जोडपे मूळचे ब्राह्मण होते, असे आंबेडकरांनी लिहून ठेवले आहे. कामाठीबागेत बसून काढलेल्या त्या तासांनी दोघांचीही मर्यादा उघडी केली: शिष्यवृत्ती देणाऱ्या दरबाराची आणि समतेचा संदेश सांगणाऱ्या चर्चचीही.

शिकवायला आले, शिकत राहिले

धाडलेल्यांपैकी काहींनी मात्र काम करता करता भूमिका बदलली. डार्टमथचा पदवीधर जस्टिन अ‍ॅबट मुंबईतल्या तीस वर्षांच्या सेवेनंतर 1910 मध्ये निवृत्त झाला आणि 1926 पासून महाराष्ट्राच्या संतांवरची इंग्रजी ग्रंथमाला त्याने काढली. पुण्यातल्या निकोल मॅकनिकल यांचा संतांच्या अभंगांचा अनुवाद 1919 मध्ये आला. रेव्हरंड नारायण वामन टिळक मिशनच्या नोकरीत असूनही त्या चौकटीला कंटाळले आणि 1917 मध्ये पगार सोडून ‘देवाचा दरबार’ मांडून बसले. त्यांच्या विचारांनी भारलेल्या ऑक्सफर्डच्या जॅक विन्स्लोने ख्रिस्त सेवा संघ काढला. त्या संघात 1927 मध्ये ऑक्सफर्डहून व्हेरियर एल्विन आला, गांधींकडे वळला आणि शामराव हिवाळे यांच्यासोबत गोंडांच्या मुलखात गेला. शेवटी त्याने चर्च सोडले, पण भारत सोडला नाही.

गुजरातेत याचा सगळ्यांत लाडका नमुना म्हणजे फादर कार्लोस वालेस. स्पेनमध्ये जन्मलेला हा जेझुइट 1949 मध्ये भारतात आला, त्याने अहमदाबादच्या सेंट झेवियर्समध्ये गणित शिकवले आणि गुजराती निबंधकार म्हणून तो घरोघर वाचला गेला. 1978 मध्ये त्याला रणजितराम सुवर्णचंद्रक मिळाला. बडोद्याच्या अनेक मराठी घरांतही गुजराती वाचनाची सुरुवात वालेसांपासून झालेली असते.

आजचा ताळेबंद

स्वातंत्र्यानंतर धाडण्याचे दिवस संपत आले. नागपुरात 1954 मध्ये नेमलेल्या नियोगी समितीने 1956 च्या अहवालात, धर्मांतर हाच मुख्य उद्देश असलेल्या परदेशी मिशनऱ्यांना परत पाठवावे अशी शिफारस केली. त्या अहवालावर ख्रिस्ती संघटनांनी कडाडून टीका केली आणि तो वाद आजही मिटलेला नाही. व्हिसाचे नियम कडक होत गेले. गुजरातेत 2003 पासून धर्मस्वातंत्र्याचा कायदा आहे आणि 2021 मध्ये तो आणखी कडक झाला.

तोवर संस्थांची मालकी बदलत चालली होती. 1947 साली नगरला अहमदनगर कॉलेज काढले ते अमेरिकेत शिकून आलेल्या भास्कर पांडुरंग हिवाळे यांनी. विल्सन आणि हिस्लॉप ही कॉलेजे, तसेच वॉनलेस यांनी 1894 मध्ये सुरू केलेले मिरजेचे हॉस्पिटल इथल्याच माणसांच्या हाती आले. 2020 मध्ये वसईच्या फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी उस्मानाबादच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषवले. दिशाही उलटली आहे: भारतातले धर्मगुरू आणि सिस्टर्स आज युरोप-आफ्रिकेतल्या चर्चमध्ये आणि शाळांत कामाला जातात. तिथल्या गावकऱ्यांना त्यांच्याबद्दल तेच तीन प्रश्न विचारण्याचा हक्क आहे.

त्या प्रश्नांनी पाहिले तर हिशेब असा निघतो. हेतू उदात्त होता म्हणून कोणतीही संस्था टिकली नाही आणि हेतू धर्मप्रसाराचा होता म्हणून कोणतीही बुडाली नाही. ज्या कामाची इथे मागणी होती आणि जे पेलायला इथली माणसे तयार झाली ते राहिले. बोस्टनच्या ठरावावर जे लटकले ते त्या ठरावाबरोबर आले-गेले. बोलावल्याने सगळे साधते असेही नाही: आंबेडकरांना घर नाकारणारे शहर बॉर्डनला बोलावणारेच होते, आणि दरबाराने आणलेला प्रत्येक शिक्षक निधर्मी नव्हता. पण बोलावणाऱ्याला एक मोठा अधिकार असतो. तो मुदत ठरवू शकतो, काम ठरवू शकतो, नंतर काम कोण पाहणार हे आधीच बघू शकतो. परदेशी पदवीधराकडून शिकताना कोणत्याही समाजाने हा अधिकार आपल्याकडे ठेवावा. आणि आपले पदवीधर बाहेर जातील तेव्हा त्यांनी तो समोरच्या समाजाला द्यावा.